दालनाची किल्ली कोणाच्या हाती?

कोरियाच्या आधुनिक चित्रकलेचे कौतुक करणे आज फार सोपे झाले आहे. व्हेनिसच्या जगप्रसिद्ध द्वैवार्षिक प्रदर्शनात १९९५ सालापासून त्या देशाचे स्वतःचे दालन उभे आहे. त्याच वर्षी सुरू झालेले ग्वांग्जू शहराचे द्वैवार्षिक प्रदर्शन आशिया खंडातील अग्रगण्य प्रदर्शनांत मोडते. लंडनची ‘फ्रीझ’ ही कलाजत्रा २०२२ पासून सेऊलमध्येही भरू लागली आणि कोरियन चित्रांच्या किमतींची चर्चा जगभरच्या धनिकांत होऊ लागली. अशा वेळी टाळ्या वाजवण्यास कोणाची हरकत असणार? यशस्वी कलावंताला हार घालण्यासाठी धैर्य लागत नाही. ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही, ज्यांची चित्रे टांगल्याने भिंतीचा मालकच अडचणीत येण्याचा संभव आहे, अशा विशीतल्या मुलामुलींना दालनाचे दार उघडून देण्यास मात्र ते लागते. समाजाची कलेविषयीची आस्था त्या दारापाशी तपासावी, लिलावाच्या मंडपात तपासू नये, असे आमचे ठाम मत आहे. आणि या मताच्या पुष्ट्यर्थ आम्ही कोरियातीलच एका समूहप्रदर्शनाची हकिकत वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

हे प्रदर्शन जुलै १९८५ मध्ये सेऊलच्या अरब कलादालनात मांडले गेले. ‘१९८५, कोरियन कला : विशीतल्यांची शक्ती’ असे त्याचे नाव. भाग घेणारे चित्रकार नावाप्रमाणेच विशीतले, कलाशाळांतून नुकतेच बाहेर पडलेले. त्यांच्या चित्रांत कारखान्यातील मजूर होते, कर्जबाजारी शेतकरी होते, रस्त्यावर मार खाणारे विद्यार्थी होते. पोलिसांनी दालनात शिरून चित्रे उतरवली, ती जप्त केली, एकोणीस चित्रकारांना पकडून नेले आणि त्यांपैकी पाचजणांना कोठडीत डांबले. प्रदर्शन बंद पडले. वृत्तपत्रीय भाषेत सांगायचे तर घटना एवढीच.

परंतु त्या घटनेला मागचा-पुढचा संदर्भ आहे आणि तो ध्यानी घेतल्याशिवाय तिचे मर्म कळणार नाही. डिसेंबर १९७९ मध्ये सेनापती चुन दू-ह्वान यांनी लष्करातच बंड करून सत्तेकडे झेप घेतली. मे १९८० मध्ये देशभर लष्करी कायदा जारी झाला, आणि दक्षिणेकडील ग्वांग्जू शहरातील विद्यार्थी व नागरिक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा सैनिकांनी त्यांच्यावर दंडुके, संगिनी आणि अखेर गोळ्या चालवल्या. १८ मेपासून २७ मेपर्यंत चाललेल्या या प्रकाराची खरी हकिकत छापण्याची मुभा कोरियातील वर्तमानपत्रांना नव्हती. जे छापता येत नव्हते ते काढण्याचे काम चित्रकारांनी आपल्या अंगावर घेतले. ‘मिनजुंग’ म्हणजे सामान्य जन. त्या जनांची कला म्हणून या चळवळीला ‘मिनजुंग कला’ असे नाव पडले.

त्या चळवळीतील पहिल्या मंडळांपैकी एक म्हणजे १९७९ साली स्थापन झालेले ‘वास्तव आणि उद्गार’ हे मंडळ. १९८० च्या ऑक्टोबरात त्यांचे पहिले प्रदर्शन सेऊलच्या सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या कलाभवनात ठरले होते. चित्रांचे स्वरूप पाहताच भवनाच्या चालकांनी दालनातील दिवेच मालवून टाकले! पाहणाऱ्यांनी मेणबत्त्या पेटवून चित्रे पाहिली. पुढच्याच महिन्यात एका खाजगी दालनाने त्यांना जागा दिली तेव्हा ते प्रदर्शन रीतसर पार पडले. दिवे घालवून कला झाकण्याची ही युक्ती आणि पाच वर्षांनी पोलिस पाठवून ती उतरवण्याची रीत, यांत फरक केवळ धिटाईचा आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. चुन यांच्या राजवटीला तरुण कलावंतांचे वावडे होते असे कोणी समजू नये. १९८१ साली राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाने होतकरू कलावंतांसाठी ‘युवा कलाकार प्रदर्शन’ सुरू केले. १९९० मध्ये त्याचे नाव बदलले, पण ती परंपरा पुढे चालू राहिली आणि ली बुल व चोई जोंग-ह्वा यांच्यासारखे पुढे जगभर गाजलेले कलावंत तिच्यातून आले. ही परंपरा स्तुत्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच की, एका हाताने तरुणांना संग्रहालयाचे दार उघडणारे शासन दुसऱ्या हाताने त्याच वयाच्या मुलांना पोलिसांच्या गाडीत का कोंबते? त्या शासनाला तारुण्य चालत होते, नावीन्य चालत होते, दुर्बोधतासुद्धा चालत होती. चालत नव्हती ती फक्त साक्ष. आम्ही पाहिले ते सांगतो, असे म्हणणारा माणूस चित्रकार असो वा बातमीदार, तो राजसत्तेला नकोसा होतो.

आता या प्रकरणी जे युक्तिवाद तेव्हा झाले आणि आजही निरनिराळ्या वेशांत होत असतात, त्यांचा परामर्श घेऊ.

पहिला युक्तिवाद रसिकांचा. ते म्हणतात, ही कला कच्ची होती. तीत रंगरेषांपेक्षा घोषणाच अधिक. तिला प्रचार म्हणावे, कला कशाला म्हणता? यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारण्याचे आम्हांस कारण नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाने संतापाच्या भरात काढलेले प्रत्येक चित्र टिकाऊ असते असे कोण म्हणेल? परंतु कच्च्या चित्राचा निवाडा करण्याची जागा कोणती? ती दालनातच असते. प्रेक्षकाने पाहावे, नाक मुरडावे, समीक्षकाने चार खडे बोल लिहावेत, चित्रकाराने घरी जाऊन रात्रभर विचार करावा. कला पिकते ती याच मार्गाने. जे चित्र पाहूच दिले नाही ते वाईट होते, असे म्हणण्याचा अधिकार जप्ती करणाऱ्याला कोठून आला? पोलिस ठाण्याला समीक्षेचे पीठ मानावयाचे असेल तर मग गोष्टच निराळी.

तसे पाहता त्या काळच्या पोलिसांनी एका माणसाला चित्रकार ठरवल्याचीही नोंद आहे. चोई ब्योंग-सू हा सुतार. १९८६ साली सेऊलमध्ये काही चित्रकार एका घराच्या भिंतीवर चित्र रंगवीत होते; त्यांच्यासाठी शिडीचे काम करून देण्यास तो गेला आणि त्यांच्याबरोबर पकडला गेला. त्याचा व्यवसाय ‘सुतार’ असा नोंदवला तर खटला विचित्र दिसेल, म्हणून अधिकाऱ्याने कागदावर ‘चित्रकार’ असे लिहिले. पुढच्याच वर्षी, जून १९८७ मध्ये, योनसे विद्यापीठाच्या दारात अश्रुधुराचे नळकांडे डोक्यात लागून ली हान-योल हा विद्यार्थी मरणोन्मुख झाला, तेव्हा ‘हान-योलला वाचवा’ हे प्रचंड कापडी चित्र विद्यापीठाच्या इमारतीवर फडकले. ते याच सुताराचे काम होते. ज्याला कलाशाळेने घडवले नाही त्याला शासनाने घडवले, असा हा विनोद. मात्र त्या विनोदाला एका विद्यार्थ्याच्या मृत्यूची किनार आहे.

शिवाय या चित्रकारांना परंपरेचे ज्ञान नव्हते, ते परकीय घोषणांचे अनुकरण करीत होते, हा आक्षेप तर साफ चुकीचा आहे. ओ युन हे या पिढीचे थोरले बंधू. १९८६ साली, वयाच्या चाळिशीत त्यांचे निधन झाले. लाकडावर कोरलेली त्यांची चित्रे पाहिली तर कोरियन खेड्यातील मुखवट्यांचे नाच आणि भुताखेतांच्या कथा त्यांच्या हाताशी किती सहज होत्या ते ध्यानात येते. मोर्च्याच्या डोक्यावर फडकणाऱ्या अजस्र कापडी चित्रांचे मूळ बौद्ध मठांच्या अंगणात उत्सवप्रसंगी टांगल्या जाणाऱ्या उंच पटचित्रांत आहे. लाकूडकोरणीही विचारपूर्वक निवडलेली: एक फळी, एक चाकू, थोडी शाई एवढ्यावर ती भागते, आणि एका फळीवरून शेकडो ठसे निघतात. एक प्रत जप्त झाली तर दुसरी कोणाच्या तरी घरी उरतेच. ज्या कलेला दालन मिळण्याची शाश्वती नाही, तिने आपले दालन कागदाच्या घडीत बरोबर नेले.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा. देशाच्या उत्तर सीमेवर शत्रू उभा आहे. अशा वेळी राष्ट्राच्या सुरक्षिततेपुढे चित्रांची काय मातब्बरी? हा युक्तिवाद क्षुल्लक नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धात कोरियाची राखरांगोळी झाली होती आणि उत्तरेची राजवट क्रूर आहे याविषयी शंका नाही. परंतु सुरक्षिततेच्या नावाने नेमके काय केले गेले ते पाहा. शिन हाक-चोल यांनी १९८७ मध्ये ‘भातलावणी’ नावाचे तैलचित्र काढले. चित्राच्या खालच्या भागात शेतकरी औत धरून शस्त्रास्त्रे आणि परदेशी मालाचा कचरा समुद्रात लोटतो आहे. वरच्या भागात सुगीचा आनंद आणि दूरवर डोंगर. सरकारी पक्षाने हे चित्र नकाशासारखे वाचले! वरचा भाग म्हणजे उत्तर कोरिया, तेथे सुख दाखवले, म्हणजे शत्रूची स्तुती झाली. १९८९ मध्ये चित्रकाराला अटक झाली. खालच्या दोन न्यायालयांनी त्यांना निर्दोष ठरवले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि पुढच्या वर्षी शिक्षा होऊन चित्र सरकारजमा झाले. २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, या माणसाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला असा निर्वाळा दिला. तरीही चित्र परत मिळाले नाही. २०१८ मध्ये ते सरकारी वकिलांच्या कोठारातून जतनासाठी राष्ट्रीय कलासंग्रहालयाकडे गेले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आता सुज्ञ वाचकांनीच सांगावे की या एका भातलावणीच्या चित्राने कोणत्या सीमेवरचा कोणता बुरूज ढासळला? जे राष्ट्र एवढे उद्योगधंदे उभारते, जगभर जहाजे आणि मोटारी पाठवते, ते एका चित्राच्या वरच्या अर्ध्या भागाला भिऊन राहते, हे दृश्य त्या राष्ट्राच्या बळाची साक्ष देत नाही. चित्र धोक्याचे नव्हते. ते धोक्याचे आहे असे म्हणत राहणे सत्तेला सोयीचे होते.

तिसरा युक्तिवाद आपल्या घरातला आहे आणि म्हणूनच तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. ख्रिस्तसभेने असल्या भानगडीत पडू नये. देवळाच्या जागेत भक्ती असावी, फार तर लग्नकार्ये असावीत. वादग्रस्त चित्रांना तेथे थारा कशाला, असे म्हणणारे भाविक प्रत्येक धर्मग्रामात असतात. कोरियातही होते. त्यांना तेथील इतिहासानेच दिलेले उत्तर आम्ही येथे नोंदवतो.

ग्वांग्जू शहराच्या ज्या राजरस्त्यावर मे १९८० चे हत्याकांड घडले, त्याच रस्त्यावर कॅथलिक केंद्राची इमारत होती. आर्चबिशप व्हिक्टोरिनस युन गोंग-ही यांनी आपल्या कार्यालयाच्या खिडकीतून एका रक्तबंबाळ तरुणाला पाहिले. खाली उतरून त्याला मदत करावी असे त्यांना वाटले, पण भीतीने पाय उचलला नाही. ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितली आणि दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील, जखमी माणसाला पाहून वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून गेलेल्या याजकाशी आपली तुलना केली. एवढ्या अधिकारपदावरील धर्मपुढाऱ्याने इतक्या सरळपणे असे बोलावे, हे दुर्मीळ होय.

त्या दाखल्याचा उत्तरार्ध त्याच इमारतीत लिहिला गेला असे आम्ही मानतो. १९८३ साली ग्वांग्जूच्या त्या कॅथलिक केंद्रात ‘नागरिक कलाशाळा’ भरली. होंग सोंग-दाम हा तरुण चित्रकार आणि त्याचे सहकारी तेथे शिकवीत. शिकणारे कोण? विद्यार्थी, कामगार, गृहिणी. ज्यांनी जन्मात कधी चित्र काढले नव्हते अशी माणसे. चार दिवस लाकूड कोरून त्यांनी आपल्या मनातले कागदावर उतरवले. आपल्या शहरावर काय गुदरले ते मोठ्याने बोलणे धोक्याचे होते. कोरणे मात्र शक्य होते. होंग यांनी स्वतः मे १९८० वर पन्नास लाकूडकोरणींची मालिका केली. १९८९ मध्ये, अनेक चित्रकारांनी मिळून रंगवलेल्या एका चित्रमालिकेच्या पारदर्शिका उत्तर कोरियाला पाठवल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, चौकशीत त्यांचा छळ झाला, आणि सुमारे तीन वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. ज्या केंद्राने त्यांना शिकवण्यास जागा दिली होती ती इमारत आज मे १९८० च्या लढ्याचे अभिलेखागार आहे. त्या लढ्याच्या कागदपत्रांना युनेस्कोने २०११ साली जागतिक स्मृतींच्या यादीत स्थान दिले. एका खोलीचे दार उघडण्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी त्या इमारतीकडे पाहावे.

सेऊलमध्ये जून १९८७ मध्ये पोलिसांनी पाठलाग केलेले विद्यार्थी म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये शिरले, तेव्हा कार्डिनल स्टीफन किम सू-ह्वान यांनी अधिकाऱ्यांना बजावले की, आत याल तर प्रथम मी समोर असेन, माझ्यामागे धर्मगुरू, त्यांच्यामागे धर्मभगिनी, आणि मग विद्यार्थी. पोलिस आत आले नाहीत. त्या महिन्याच्या अखेरीस राजवटीला थेट निवडणुकीची मागणी मान्य करावी लागली. यावरून त्या काळी प्रत्येक बिशप आणि प्रत्येक धर्मग्राम शूर होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमचे म्हणणे इतकेच की, ज्यांनी दार उघडले त्यांनी ख्रिस्तसभेची कसलीही हानी केली नाही. उलट तिची लाज राखली.

आणि कोरियाच्या ख्रिस्तसभेला तर हा धडा बाहेरून शिकण्याची गरजच नव्हती. तिचा जन्मच निषिद्ध ग्रंथांच्या वाचनातून झाला. परदेशी मिशनरी येण्याआधी तेथील विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तके वाचली. १७८४ साली ली सुंग-हुन बीजिंगमध्ये बाप्तिस्मा घेऊन परतले आणि प्रापंचिकांनीच सभा उभारली. १८०१ मध्ये ऑगस्टिन जोंग याक-जोंग यांची पेटी गुपचूप हलवली जात असताना पकडली गेली. तीत काय होते? धर्मग्रंथ, पवित्र वस्तू आणि पत्रे. कोरियन लिपीत सामान्य माणसांसाठी पहिला धर्मबोध लिहिणाऱ्या या गृहस्थाला त्याच वर्षी मृत्युदंड झाला. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सेऊलमध्ये ज्या १२४ हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले त्यांत ते आहेत. त्यापूर्वी, मे १९८४ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेऊललाच १०३ हुतात्म्यांना संतपद दिले होते. म्हणजे ‘विशीतल्यांची शक्ती’ या प्रदर्शनावर धाड पडली त्याच्या अवघ्या चौदा महिने आधी! राज्यकर्त्यांनी धोकादायक ठरवलेली पेटी ज्यांच्या पूर्वजांनी प्राणपणाने जपली, त्यांनी दुसऱ्यांच्या पेटीवर जप्ती येताना तटस्थ राहावे काय? हुतात्म्यांच्या मिरवणुकी काढावयाच्या आणि त्यांच्यासारख्याच प्रसंगात सापडलेल्यांना दार बंद करावयाचे, ही भक्ती आम्हांला समजत नाही.

कलावंतांविषयी ख्रिस्तसभेचे अधिकृत धोरणही याहून वेगळे नाही. ७ मे १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून, आम्ही तुमच्यावर ठराविक नमुन्यांचे ओझे लादले, असे सांगून त्यांची क्षमा मागितली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नव्या कलेला मान्यता मिळावी असे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना पत्र लिहिले. एवढे सारे असून धर्मग्रामाच्या सभागृहाच्या किल्लीपाशी आले की आपण परिषदेच्या आधीच्या काळात जातो!

चौथा युक्तिवाद आजचा आहे, आणि तो सर्वांत गुळगुळीत आहे. ते हुकूमशाहीचे दिवस होते. आता कोरियात लोकशाही आहे, सर्वांना मुभा आहे, जुनी मढी कशाला उकरता? मोठा बदल झाला हे खरेच आहे. १९८५ च्या धाडीनंतर चार महिन्यांतच चित्रकारांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली, पुढच्या वर्षी सेऊलच्या इन्सादोंग भागात स्वतःचे दालन उघडले, आणि १९९४ साली राष्ट्रीय संग्रहालयानेच ‘मिनजुंग कलेची पंधरा वर्षे’ असे भव्य प्रदर्शन भरवले. नऊ वर्षांपूर्वी ज्या कलेला पोलिसांनी भिंतीवरून उतरवले तिला शासनाने स्वतःच्या भिंतीवर सन्मानाने चढवले. खुद्द ग्वांग्जूचे द्वैवार्षिक प्रदर्शन मे १९८० च्या स्मृतीतूनच उभे राहिले.

पण याच ग्वांग्जूत, त्या प्रदर्शनाच्या विसाव्या वर्धापनानिमित्त २०१४ साली काय झाले? त्या वर्षी १६ एप्रिलला ‘सेवोल’ नावाची बोट बुडून ३०४ माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. होंग सोंग-दाम यांनी सहकाऱ्यांसह ‘सेवोल ओवोल’ हे प्रचंड चित्र केले आणि तीत तत्कालीन राष्ट्राध्यक्षा पार्क ग्यून-हे यांना दुसऱ्याच्या हातातील बुजगावणे म्हणून दाखवले. नगरपालिकेने हरकत घेतली. चित्रकाराने आकृती बदलली तरी चित्र टांगले गेले नाही. काही कलावंतांनी आपली कामे काढून घेतली आणि प्रदर्शनसंस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. पुढे २०१६ मध्ये शासनाला नको असलेल्या कलावंतांची ९,४७३ नावांची काळी यादी उजेडात आली. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, या वेळी तुरुंगात कलावंत गेले नाहीत. यादीच्या प्रकरणात २०१७ साली सांस्कृतिक खात्याच्या मंत्रीणबाईंना अटक झाली, आणि त्याच वर्षी ‘सेवोल ओवोल’ ग्वांग्जूच्या कलासंग्रहालयात लागले. लोकशाहीत चुका होतच नाहीत असे नाही. त्या दुरुस्त करता येतात, हा तिचा गुण. परंतु दुरुस्तीसाठी कोणीतरी जागे राहावे लागते.

आणि आता दारावर दुसराच एक पहारेकरी उभा आहे: बाजार. तो कोणाला पकडून नेत नाही. न खपणाऱ्याकडे तो पाहतच नाही. १९७५ साली टोकियोच्या एका दालनात पाच कोरियन चित्रकारांनी पांढऱ्या रंगाच्या पाच छटांचे प्रदर्शन मांडले. त्या शांत, एकरंगी चित्रांच्या परंपरेला पुढे ‘दानसेकह्वा’ म्हणू लागले आणि आज तिला जगाच्या बाजारात मोठी मागणी आहे. ती चित्रे आम्हांला हीन वाटत नाहीत. त्यांत ध्यानाची एक खोल शांती आहे. पण शांततेचे चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात सहज शोभते आणि मार खाणाऱ्या विद्यार्थ्याचे चित्र तेथे शोभत नाही, एवढ्यावरून थोरवी ठरवू नये. आज सेऊलच्या भाड्याच्या खोलीत राहून काम करणाऱ्या तरुण चित्रकाराला पोलिसांची भीती नसेल, पण आपले चित्र विकत घेण्याजोगे गोजिरवाणे आहे की नाही, ही भीती त्याच्या कुंचल्यावर बसलेली असते. बंद दालनाइतकीच तीही घातक आहे.

हे सारे दूर देशातले आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. गोव्यात जन्मलेल्या आँजेलो द फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडी नेसलेली पवित्र मरिया रंगवली, तेव्हा त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढणारे कोण होते? बहुतांशी आपलेच धर्मबांधव. १९६७ साली ते वारले; आज त्यांची चित्रे जपण्यात आपल्याला भूषण वाटते. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी १९४७ साली मुंबईत सहकाऱ्यांसह प्रागतिक कलावंतांचा गट काढला. दोन वर्षांतच ते देश सोडून लंडनला गेले. त्यांच्या चित्रांना कोट्यवधींची किंमत येते हे वाचून आपण छाती फुगवतो. ज्या दिवशी त्यांना चार भिंतींची गरज होती, त्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्या हातात किल्ली होती?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक धर्मग्रामात सभागृह असते. तेथे लग्ने होतात, गायनाच्या स्पर्धा होतात, सणाच्या मेजवान्या होतात, होऊ द्या. वर्षातून एक आठवडा तेथे आपल्याच गावच्या, अजून नाव न झालेल्या मुलामुलींची चित्रे लागावीत. निवड करताना भाविकांना काय आवडेल हे प्रथम विचारू नये. या मुलाने जे पाहिले ते प्रामाणिकपणे काढले आहे काय, एवढेच विचारावे. चित्र कच्चे असेल तर तसे तोंडावर सांगावे. ते आपल्याला टोचत असेल तर पाच मिनिटे अधिक उभे राहून का टोचते ते पाहावे. आणि बाहेरून कोणी येऊन चित्र उतरवा असे म्हटले, तर दारात प्रथम आपण उभे असावे, कार्डिनल किम उभे राहिले तसे.

ग्वांग्जूच्या त्या खिडकीपासून रस्त्यापर्यंत जिन्याच्या थोड्याच पायऱ्या होत्या. १९८० मध्ये त्या उतरता आल्या नाहीत. १९८३ मध्ये त्याच पायऱ्या चढून कामगार आणि गृहिणी चाकू-फळ्या घेऊन वर आल्या. दार उघडे होते म्हणून त्या येऊ शकल्या.